हन्नाबाईंची मिशरी

“बाई, तुमच्या हाताला मिशरीचा वास येतोय,” याकोब म्हणाला.

आत्याची प्रार्थना तेव्हा ऐन रंगात आली होती. तिचा उजवा हात याकोबच्या डोक्यावर होता, डावा आभाळाकडे होता, आणि दारूच्या बाटलीतून सैतान कसा डोकावतो इथपर्यंत ती पोचली होती. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मी शेंगा फोडत बसले होते. याकोबनं डोळे मिटलेलेच ठेवले होते. त्याच्या बोलण्यात खोडी नव्हती. शेजारी कुणी गूळ फोडला तर वास यावा, तसा त्याला वास आला आणि त्यानं तो सांगितला.

आत्यानं हात उचलला. तिनं आमेन म्हटलं की नाही ते आठवत नाही. बहुतेक नाहीच.

“मग?” ती म्हणाली. “ते दातांचं औषध आहे.”

“व्हय,” याकोब म्हणाला. “आमचंबी अंगदुखीचंच औषध हाये.”

माझी ही आत्या, हन्नाबाई अमोलिक, टाकळीच्या ख्रिस्ती मंडळीत बायबलबाई होती. गावोगाव एस.टी.नं जायचं, बायकांना शास्त्र सांगायचं, गाणी शिकवायची, बाळंतिणीला भेटायचं, कुणाच्या घरात भांडण असेल तर दोघांना समोरासमोर बसवून प्रार्थना करायची, हे तिचं काम. साठीला आली होती, पण चाल अशी की बरोबर चालणाऱ्याला पळावं लागे. तिचे यजमान फार लवकर गेले होते, मूलबाळ नव्हतं. डी.एड. होऊन मला टाकळीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा वडिलांनी मला तिच्याकडे ठेवलं. “हन्नाजवळ राहिलीस तर वळण लागेल,” ते म्हणाले होते. वळण लागलं. शिवाय तव्यावर तंबाखू भाजताना घराच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या असतात, हेही कळलं.

कारण मिशरी ती घरीच करायची. तंबाखू काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, कुटायची, फडक्यातून चाळायची आणि एका पितळी डबीत भरायची. मग बोटावर घेऊन हिरड्यांवरून फिरवत बसायची. उठल्यावर एकदा, चहानंतर, जेवणानंतर, आणि उपासनेला जाण्यापूर्वी तोंड स्वच्छ असावं म्हणून. बिडी ओढणारा माणूस दिसला की आत्या त्याला तासभर सुनवायची, आणि सुनवून थकवा आला की घरात येऊन डबी उघडायची. सगळ्या मंडळीला हे माहीत होतं. पाळकसाहेबांनाही माहीत होतं. पण तिच्यासमोर तो शब्द काढायची कुणाची छाती नव्हती, आणि याकोबचीही नसावी. फक्त त्याच्या नाकाची होती.

याकोब मकासरे गावातल्या एका बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवायचा. हात सोन्याचा, पण संध्याकाळ झाली की ओढ्याकाठच्या गुत्त्यावर. नाताळच्या आधी त्याची बायको सुगंधा लेकीला घेऊन माहेरी राहुरीला निघून गेली होती. तिचा भाऊ दानियल सरळ माणूस होता. त्यानं निरोप धाडला होता की याकोबची दारू सुटली असं खुद्द हन्नाबाईंनी सांगितलं तरच बहीण नांदायला पाठवीन, नाहीतर तिला नाशिकला एका दवाखान्यात कामाला लावतो आणि तो विषय संपला. म्हणून याकोब त्या दिवशी आमच्या ओट्यावर आला होता.

“ते आणि हे एक आहे का, याकोब?” आत्या म्हणाली. “मिशरी लावून कुणी संसार मोडलाय?”

“न्हाई.”

“मग?”

“म्या सुगंधाला कवा हात लावला न्हाई, बाई. नुसतं खोटं बोलायचो. पिऊन यायचो आन प्यालो न्हाई म्हणायचो.”

“तेच ते. व्यसन माणसाला खोटं बोलायला लावतं.”

“आन मिशरी?”

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांकडे पाहिलं. आदल्याच आठवड्यात तिनं पाळकसाहेबांच्या बायकोला सांगितलं होतं की मी आता सकाळची एकदाच लावते.

याकोब उठून उभा राहिला. उंचापुरा माणूस, पण उभा राहताना भिंतीला हात लावावा लागला. “रागावू नका बाई. एक बोलतो. तुमी मिशरी सोडा, म्या दारू सोडतो. किती येळा सोडली, पर एकट्याला जमत न्हाई. संगं कुणीतरी सोडणारं पायजे.”

“मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते, ती पुरत नाही?”

“प्रार्थना तुमी करता, तलफ मला येती,” याकोब म्हणाला आणि निघून गेला.

आत्या घरात गेली.  दुपारी जेवताना मी न राहवून विचारलं, “आत्या, जेवणानंतरचं औषध घेतलंस का?” तिनं ताट सरकवलं. चांगला तासभर आत भांडी वाजत राहिली. मग ती डबी घेऊन मोरीत गेली, सगळी मिशरी पाण्यात सोडली, डबी राखेनं घासली आणि पुसून तिच्यात शिवणाच्या सुया ठेवल्या.

“याकोबला निरोप दे,” ती म्हणाली. “संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर ये म्हणावं. रोज यायचं. मी लावली नाही, हे मी त्याला सांगणार. प्यालो नाही, हे तो मला सांगणार. आणि मग प्रार्थना.”

सुरुवातीला आत्या फार पवित्र होती. मग तिचं पोट बिघडलं.

मिशरीशिवाय पोट साफ होत नाही, हे टाकळीच्या निम्म्या बायकांचं ठाम मत होतं आणि आता ते आत्याच्या बाबतीत खरं ठरलं. ओवा झाला, कोमट पाणी झालं, एरंडेल झालं. डोकं दुखायला लागलं. लवंगांचा घरातला साठा संपला. चहात साखर जास्त पडली म्हणून तिनं मला बोल लावला आणि दुसऱ्या दिवशी कमी पडली म्हणून. दारातल्या शेळीलाही सोडलं नाही. बायकांच्या वर्गात ती तेव्हा बायबलातली आत्म्याची फळं, म्हणजे नऊ सद्गुण, शिकवत होती. प्रीती, आनंद, शांती इथपर्यंत ठीक चाललं. सौम्यतेवर आली तेव्हा मागे कुणीतरी कुजबुजलं, तशी तिनं टेबलावर अशी थाप मारली की पुढच्या बाईचं तान्हं मूल रडायला लागलं.

“आत्या, आज इंद्रियदमन शिकवणार होतीस ना?” मी घरी येताना विचारलं.

“ते सगळ्यात शेवटचं फळ आहे,” ती म्हणाली. “इतक्यात पिकत नाही.”

देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ओसरीवर मात्र ती वेगळी असायची. शाळेतून येताना मीही तिथं टेकायचे, म्हणून मला त्या दोघांचं बोलणं ठाऊक आहे. याकोबचे हात थरथरायचे. अंगाला घाम. तो फुटाण्यांची पुडी घेऊन बसायचा आणि एकेक फुटाणा मोजल्यासारखा तोंडात टाकायचा. सरकारी दवाखान्याच्या बाकावर दोन रोगी बसावेत तसे ते दोघं आपापली दुखणी सांगायचे.

“झोप लागती का, बाई?”

“कुठली. तुला?”

“डोळा लागला की सपनात बाटली येती.”

“माझ्या स्वप्नात काल तवा आला होता,” आत्या म्हणाली. “भाजल्याचा वाससुद्धा आला. उठून बसले.”

“मग काय केलं?”

“देवाचं नाव घेतलं आणि चूळ भरली.”

“म्या बी आज तसंच करीन,” याकोब गंभीरपणे म्हणाला.

आत्याच्या प्रार्थना एरवी लांबलचक असत. अब्राहामापासून सुरू होत. त्या दिवसांत मात्र ती एवढंच म्हणायची, “प्रभू, आजचा दिवस निभावला. उद्याचा तूच निभाव.” आणि दोघं उठायचे. मला वाटतं, आत्याच्या इतक्या छान प्रार्थना मी आधी कधी ऐकल्या नव्हत्या. तसं मी तिला सांगितलं मात्र नाही. तिला ते आवडलं नसतं.

हे असंच चाललं असतं तर सांगण्यासारखं फार काही घडलं नसतं. पण हळूहळू आत्याचं डोकं दुखायचं थांबलं, पोटानंही थोडी माघार घेतली, आणि मंडळीत बातमी पसरली. हिवाळे पाळकसाहेब तरुण होते, मनानं चांगले होते, आणि संदेशासाठी उदाहरण नेहमी शोधत असायचे. एका रविवारी ते व्यासपीठावरून म्हणाले की देहाच्या वासना कशा जिंकाव्यात हे पाहायचं असेल तर लांब जायला नको, आपल्यात हन्नाबाई आहेत. हा मंडळीचा खांब आहे. आत्या पहिल्या बाकावर होती. तिनं मान खाली घातली, पण पाठ इतकी ताठ झाली की मागच्या बाईला पाळकसाहेब दिसेनासे झाले.

त्यानंतर तिचा ताबा सुटला, तो दुसऱ्याच बाजूनं. ती घरोघर जाऊन बायकांना मिशरी सोडायला लावायला लागली. “मनात आणलं की होतं,” ती म्हणायची. “माझ्याकडे बघा.” ती गल्लीत शिरली की बायका डब्या लपवायच्या. राहेलबाई नावाची आमची शेजारीण होती, तिला डबी लपवायला जमलं नाही, तेव्हा आत्यानं ती सरळ जप्त करून आणली आणि आमच्या फडताळात ठेवली. प्रार्थना पुन्हा अब्राहामापर्यंत गेल्या.

ओसरीवरही बोलणं बदललं. एका संध्याकाळी याकोबनं विचारलं, “बाई, तुमाला आता तलफ येत न्हाई का?”

“नाही,” आत्या म्हणाली. “देवानं ती मुळासकट उपटून टाकली.”

मी तिच्याकडे पाहिलं. त्याच सकाळी तिनं रिकामा तवा विनाकारण दोनदा घासला होता.

“तुझीही टाकील,” आत्या पुढे म्हणाली. “निश्चय पाहिजे, याकोब. प्यालास का आज?”

“न्हाई बाई,” याकोब म्हणाला.

तेव्हापासून तो जरा लांब, पलीकडच्या खांबाला टेकून बसायला लागला. फुटाण्यांऐवजी बडीशेप चघळायचा. दुखण्याबिखण्याचं काही सांगायचा नाही. आत्या विचारायची, तो न्हाई बाई म्हणायचा, प्रार्थना व्हायची. आत्याला वाटलं, माणूस स्थिर झाला.

तिनं तसं राहुरीला कळवलंसुद्धा. दानियलचा निरोप आला की येत्या रविवारी उपासनेनंतर सुगंधाला घेऊन येतो, बाईंनी समक्ष शब्द द्यावा.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, माझी सकाळची शाळा होती. दुपारी घरी आले तर पुढचं दार उघडं आणि आत्या घरात नाही. मागच्या बाजूला धुण्याच्या दगडावर ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. शेजारी राहेलबाईची डबी होती. उघडी.

“आत्या.”

तिनं वळून पाहिलं. तोंडात बोट असताना माणसाला वेगळं काही सांगता येत नाही, त्यामुळे तिनं काही सांगितलं नाही. मला हसू आलं. खरं सांगायचं तर मी बरीच हसले. जप्तीचा माल, म्हटलं, पंचांनीच फस्त केला. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझं हसणं थांबलं.

“काही कारणसुद्धा नव्हतं गं,” ती म्हणाली. “डोकं दुखत नव्हतं, पोट दुखत नव्हतं. उद्या सगळ्यांसमोर शब्द द्यायचा आहे, काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. फार छान जुळत होतं. आणि हात फडताळात गेला.”

तिनं चूळ भरली. पुन्हा भरली. तेवढ्यात पाळकसाहेब उद्याच्या भेटीचं बोलायला आले. मी त्यांना ओट्यावर बसवून चहा टाकावा अशा विचारात होते, पण आत्यानं पदराला तोंड पुसलं, पुढे गेली आणि त्यांना उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जप्त केलेल्या डबीसकट.

पाळकसाहेब हसले नाहीत.  “हन्नाबाई,” ते म्हणाले, “हे आज याकोबला सांगू नका. उद्या दानियल येऊन जाऊ दे. सुगंधा घरी नांदायला जाऊ दे. मग पुढे कधी सांगा हवं तर. तो माणूस तुमच्या आधारानं उभा आहे. आज त्याला कळलं की बाईंनाच जमलं नाही, तर तो कुठं जाईल सांगा बरं?”

“गुत्त्यावर,” मी म्हणाले. मलाही पाळकसाहेबांचं पटलं होतं. एका बोटभर मिशरीपायी एक संसार मोडायचा म्हणजे काय?

“खांबच हलला तर छप्पर येतं खाली,” पाळकसाहेब म्हणाले.

“खांब तुम्ही केलंत मला,” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “आणि मी मोठ्या आनंदानं झाले. मिशरीपेक्षा गोड लागलं ते. खरं तर त्याचीच तलफ लागली होती मला. मिशरी आपली मागून आली.”

“पण याकोबचं काय?”

“ते मला माहीत नाही,” आत्या म्हणाली. “तुम्ही चहा घेऊन जा.”

संध्याकाळी मी तिच्याबरोबर गेले. याकोब आधीच येऊन बसला होता. उद्यासाठी त्यानं दाढी केली होती, सदरा धुतलेला होता. आत्या नेहमी ओसरीवर वरच्या बाजूला, देवळाच्या दाराजवळ बसायची. त्या दिवशी ती पायरीवर बसली, त्याच्यापेक्षा खाली. याकोब गडबडून उठायला लागला.

“बस,” ती म्हणाली. “याकोब, मी आज मिशरी लावली.”

याकोबनं मान वर केली.

“आणि मला तलफ येत नाही म्हणून तुला सांगितलं होतं, ते खोटं होतं. रोज येते. सकाळी येते, दुपारी येते, आता इथं बसलेय तरी आहेच. देवानं मुळासकट उपटली असं मी उगाच म्हणाले. मला तसं म्हणायला बरं वाटलं.”

याकोबनं तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मग त्यानं वहाणा पायात घातल्या आणि प्रार्थनेसाठी न थांबता पायऱ्या उतरला. ओढ्याच्या दिशेनं गेला. त्याचं घर त्याच वाटेला होतं. गुत्ताही त्याच वाटेला होता.

“आता?” मी विचारलं.

“आता काय,” आत्या म्हणाली. तिनं डोळे मिटले, हात जोडले, आणि बऱ्याच दिवसांनी तिला शब्द सापडेनात. शेवटी “तूच बघ” एवढंच म्हणाली आणि बसून राहिली.

रविवारी पहिली घंटा व्हायच्या आधी याकोब आमच्या दारात उभा होता. डोळे लाल होते. सदरा कालचाच, चुरगळलेला. मी मनात म्हटलं, झालं. आत्यानं त्याला आत बोलावलं, पण तो उंबऱ्यावरच बसला.

“काल न्हाई प्यालो,” तो म्हणाला.

आत्यानं श्वास सोडला.

“पर त्याच्या आदी पीत व्हतो, बाई. तुमाला तलफ येत न्हाई म्हणाला ना, त्या दिसापासून. म्हटलं, बाईला देवानं सोडवलं. आपली तर रोज वाढतीच हाये. म्हंजे आपलं नावच न्हाई त्याच्यापाशी. मग कशापायी जीव मारायचा? ओसरीवर यायचो, तुमी इचारायचा, म्या न्हाई म्हणायचो. वास येऊ नये म्हणून लांब बसायचो.”

“मला वास कसा आला नाही?” आत्या म्हणाली. तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

“तुमी वर बघून बोलायचा, बाई.”

 आत्या खुदकन हसली, आणि हसताहसताच पदर डोळ्यांना लावला.

“काल तुमी सांगितलं तवा पार गुत्त्यापाशी जाऊन थांबलो,” याकोब म्हणाला. “कुणी हाकबी मारली आतनं. पर मनात आलं, बाई ह्या वयात पायरीवर बसून सांगती, आन आपण तोंडावर खोटं बोलून आलो. मग घरला गेलो. झोप न्हाई आली. पर गेलो घरला.”

“दानियल येणार आहे,” आत्या म्हणाली.

“ठावं हाये. तेच सांगाया आलो. तुमी खोटा शब्द देऊ नका माझ्यापायी.”

उपासनेनंतर देवळाच्या आवारात लिंबाखाली आम्ही जमलो. दानियल होता, त्याच्या हातात पिशवी होती. त्याच्यामागे सुगंधा, लेकीचा हात धरून. अंगानं बारीक, ओठ घट्ट मिटलेले. पाळकसाहेब घामाघूम झाले होते.

“बाई, तुमचा शब्द प्रमाण,” दानियल म्हणाला. “सुटली का ह्याची?”

“नाही सुटली,” आत्या म्हणाली. “आणि माझी मिशरीपण सुटलेली नाही. काल मी लावली. सोडायला लागलोय दोघं. त्याहून पुढचं मला काही सांगता येत नाही.”

पाळकसाहेबांनी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.  दानियल सुगंधाकडे वळला. “चल. दुपारची गाडी मिळेल.”

सुगंधा हलली नाही. ती याकोबला म्हणाली, “प्यालात?”

“परवापतूर प्यालो. रोज. बाईला खोटं बोललो. काल न्हाई प्यालो. आजचं अजून काय सांगू, सकाळ हाये.”

“लग्न झाल्यापासून विचारते मी,” सुगंधा म्हणाली, ते त्याला की भावाला कळलं नाही. “भिंतीला धरून उभे असायचे आणि नाही म्हणायचे. जमिनीवर पडून नाही म्हणायचे. आज पहिल्यांदा हो म्हणाले.”

“म्हणजे पितो हे ऐकून तू नांदायला जाणार?” दानियल म्हणाला. “असं कुठं असतं काय?”

“नांदायला नाही जात. बाईंकडे राहते थोडे दिवस. संध्याकाळी ओसरीवर बसेन. हे काय सांगतात ते मला ऐकायचंय.” मग तिला काहीतरी सुचल्यासारखं ती आत्याकडे वळली. “चालेल ना बाई?”

“चालेल की,” आत्या म्हणाली. “पण झोपायची खोली एकच आहे, आणि शुलू घोरते.”

मी घोरत नाही. तेव्हाही घोरत नव्हते. पण ती वेळ ते सांगण्याची नव्हती.

दानियल रागातच गेला. पिशवी मात्र ठेवून गेला.

त्या संध्याकाळी ओसरीवर आम्ही पाचजण होतो, सुगंधाची लेक धरून. दोघांनी एकमेकांना आपापलं सांगितलं. मग आत्या म्हणाली, “याकोब, आज प्रार्थना तू कर.”

तो घाबरला. त्यानं आयुष्यात चारचौघांत प्रार्थना केली नव्हती. बराच वेळ घसा खाकरला. “देवा,” तो म्हणाला, “बाईचं पोट साफ कर. तिला लई तरास हाये. मला उद्याच्या सांजपतूर संबाळ. आन सुगंधा आली ते बरं झालं.” पुढे काय ते त्याला सुचेना, तेव्हा आत्यानंच आमेन म्हटलं, इतकं खणखणीत की लेक दचकली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. याकोब त्या वर्षात आणखी दोनदा घसरला. दोन्ही वेळा संध्याकाळी ओसरीवर येऊन खालच्या पायरीवर बसला आणि सांगितलं. सुगंधा एकदा रागानं उठून गेली, पण राहुरीला नाही, आमच्याच घरी. आंब्याच्या दिवसांत ती लेकीला घेऊन त्याच्या घरी राहायला गेली. आत्यानं राहेलबाईची डबी परत केली आणि माफी मागितली. राहेलबाईंनी डबी हलवून पाहिली, अर्धी रिकामी आहे म्हणाल्या, आणि माफी नको, भरून द्या म्हणाल्या. पुढे पावसाळ्यात त्याही ओसरीवर येऊन बसायला लागल्या. मग आणखी एकदोघं आली. पाळकसाहेबसुद्धा एकदा येऊन खालच्या पायरीवर बसले आणि काहीतरी बोलले. काय, ते ओसरीवरचं आहे. मी सांगणार नाही.

आत्यानं पुन्हा कधी मिशरी लावली का, ते मला नक्की माहीत नाही. सोडली असं ती कधीच म्हणाली नाही. कुणी विचारलं तर, “आज नाही लावली,” म्हणायची.

पुष्कळ वर्षांनी, आत्याला काठी लागल्यावर, तरुण संघानं तिला बोलायला बोलावलं. विषय मोठा होता, पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनं चालणे. मी तिला धरून खुर्चीवर बसवलं. पोरं वह्या उघडून बसली होती. एका मुलीनं सुरुवातीलाच विचारलं, “आजी, आत्म्यानं चालायचं म्हणजे नेमकं करायचं काय?”

पूर्वीची आत्या असती तर तिनं दीड तास घेतला असता. ती विचार करत राहिली, इतका वेळ की पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

“मला नीट सांगता यायचं नाही, बाळ,” ती शेवटी म्हणाली. “मी तर सगळी वाट ह्या याकोबला विचारत विचारत आले.”

याकोब मागच्या बाकावर होता. मंडळीच्या कारभारातला वडील झाला होता तोवर, केस पांढरे झाले होते. सगळ्यांच्या माना मागे वळल्या तसा तो अवघडून उभा राहिला.

“आन म्या बाईला,” तो म्हणाला, आणि बसला.